एक जुना बूट, घाटकोपरची धूळ आणि आमच्या गाडीचे ब्रेक पॅड

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये रेंज गेली म्हणून अर्ध्यात तुटला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून टाकतोय. बोलताना दोन-तीन आकडे घाईत गेले होते, ते इथे नीट दिलेत.

यावेळी राजे नाहीत, लढाया नाहीत. यावेळी एक अशी वस्तू आहे जी तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरासमोर उभी आहे आणि जिच्याकडे आपण आवाज यायला लागल्याशिवाय बघत नाही. मोटारसायकलचा ब्रेक पॅड.

सुरुवात आमच्या सिरसाळ्यातून करतो. तालुका परळी, जिल्हा बीड. दसरा झाला होता. मुकादमाची उचल घरात आली होती आणि दादा-वहिनी कारखान्याला निघायच्या तयारीत होते. बीडबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'कारखान्याला जाणं' म्हणजे पाच-सहा महिने ऊस तोडायला जाणं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पूर्वी सोबत बैलगाडी असायची, अजूनही काहींची असते. पण आता बऱ्याच टोळ्यांत मोटारसायकलीही जातात. कोपीवरून फडात जायला, वाढे विकायला, लेकराला रात्री ताप आला तर दवाखाना गाठायला. ऊसतोडीचं पाटा-वरवंटा, भांडी, पांघरुणं सगळं ट्रकमध्ये आणि दादा गाडीवर मागून.

आमची गाडी जुनी, दीडशे सीसीची. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचा ब्रेक दाबला की 'खर्रर्र' असा आवाज यायचा, म्हणजे पाटीवर खिळा ओढल्यासारखा. तेलगावहून धारूरकडे जाताना घाट लागतो. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, समोरून उसाच्या ट्रॉल्या. जाताना चढ आहे, त्याची काळजी नाही. परत येताना मात्र तोच उतार. दादा म्हणाला, "गाडी दाखवून आण, मला बाजार करायचाय."

परळी रोडला एक गॅरेज आहे, लहानपणापासून तिथेच जातोय. मामांनी पुढचं चाक खोललं, पॅड काढून माझ्या हातात दिले. वरचा काळा थर पार संपला होता. नुसतं लोखंड डिस्कवर घासत होतं. मग त्यांनी कपाटातून दोन पाकिटं काढून बाकड्यावर ठेवली.

"कोनतं टाकू? कंपनीचं का साधं?"

"फरक काय मामा?"

"पैशाचा."

एवढं बोलून ते मागच्या चाकाकडे वळले. ड्रम उघडला. त्यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचं एक पोरगं आहे, त्यानं कॉम्प्रेसरची नळी आणली आणि ड्रममध्ये हवा मारली. काळ्या-करड्या धुळीचा ढगच उठला. पोरानं डोळे मिटून घेतले, मामांनी खांद्यावरचा पंचा हलवला आणि खोकायला लागले. बराच वेळ खोकले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "काही न्हाई रे, राखंचा खोकला हाय. हितं कुनाला न्हाई?"

राख म्हणजे परळीच्या थर्मलची. आमच्या भागात वीटभट्ट्यांना ती राख जाते, टिपर दिवसभर पळतात, रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानंसुद्धा करडी असतात. त्यामुळे खोकला आला की राखेवर ढकलायची सवय आहे सगळ्यांना. मलाही ते पटलं. पण घरी येऊन "ब्रेक पॅड कोणते घ्यावेत" हे शोधायला बसलो आणि दोनशे रुपयांचा प्रश्न दीडशे वर्षं मागे गेला.

आधी एक विचारतो. लहानपणी ब्रेक नसलेली सायकल चालवलीय का? मग थांबायचं कसं, हे मला सांगायची गरज नाही. पाय मागे घ्यायचा आणि चप्पल मागच्या टायरवर दाबायची. चप्पल झिजायची, आईचा मार बसायचा, पण सायकल थांबायची. आपण तेव्हा जे करत होतो, तेच ब्रेकच्या उद्योगाचं मूळ आहे. हे मी विनोदानं म्हणत नाही.

१८८८ सालची गोष्ट. जर्मनीत कार्ल बेंझनं पेट्रोलवर चालणारी तीनचाकी बनवली होती, पण विकत घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. त्याची बायको बर्था बेंझ ऑगस्ट महिन्यात दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, ती गाडी घेऊन मानहाइमहून माहेरी फॉर्झहाइमला निघाली. एका बाजूचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास. गाडीला लाकडी ब्रेक होते, म्हणजे लाकडाचा ठोकळा चाकावर दाबायचा. उतारांवर ते लाकूड झिजायला लागलं. तेव्हा बर्थानं वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकला वेगळा, झिजला की बदलता येणारा थर लावायचा, ही कल्पना त्या दिवशी एका चांभाराच्या दुकानात प्रत्यक्षात आली. मोटारीच्या इतिहासात इंजिन बनवणाऱ्यांची नावं सापडतात, या चांभाराचं नाव काही मला कुठे दिसलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला अशीच गोष्ट दिसली. डोंगराळ भाग, घोडागाड्या माल भरून उतार उतरायच्या. गाडीवान लोक लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकायचे. आपली चप्पल-टायरचीच युक्ती. फ्रूडनं विचार केला की बुटापेक्षा टिकाऊ काहीतरी बनवलं तर लोक पैसे देऊन घेतील. त्यानं पट्ट्याचं जाड कापड राळेसारख्या पदार्थांत भिजवून ब्रेकचे थर बनवायला सुरुवात केली. कंपनीला नाव दिलं फेरोडो. फ्रूड या नावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट आणि त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं एक 'ई'. आजही ऑटोमोबाइलच्या दुकानात फेरोडोचं पाकीट दिसतं.

इथे थोडं गणित करूया, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ब्रेक गाडी 'थांबवतो' असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. गाडी आणि दोन माणसं मिळून २८० किलो धरा, वेग ताशी ६० किलोमीटर. पूर्ण थांबायला जवळपास ३९ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. म्हणजे किती? साधारण एक कप चहाचं पाणी उकळेल इतकी. एकदा कचकन थांबलात की एक चहा. आता घाटाचं बघा. हीच गाडी १०० मीटर उंची उतरली तर सुमारे २७५ किलोज्यूल, म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा थांबण्याइतकी. यातला काही भाग इंजिन आणि हवा खाते, म्हणून उतारावर गिअर खालचा ठेवायचा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही. बाकीची सगळी उष्णता तळहाताएवढ्याही नसलेल्या त्या पॅडला झेलावी लागते.

कातडं जळतं, कापूस जळतो, लाकडाचा धूर होतो. मोटारी जड आणि वेगवान होत गेल्या तसा फ्रूडला न जळणारा धागा हवा होता. तो त्याला १९०८ मध्ये मिळाला. ॲस्बेस्टॉस.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, खाणीतून निघतं, पण त्याचे कापसासारखे तंतू होतात. त्याचं सूत काततात, कापड विणतात. आगीत टाकलं तर जळत नाही. ताण सोसतं आणि स्वस्त. ब्रेकसाठी तर देवानंच धाडल्यासारखं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या जवळजवळ प्रत्येक ब्रेक लायनरमध्ये ते होतं, कित्येकदा लायनरच्या निम्म्याच्या आसपास. ट्रक, बस, कार, मोटारसायकल, रेल्वे, सगळीकडे.

आणि याच ठिकाणी गोष्ट वळते.

इंग्लंडच्याच रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता. तिथे नेली केरशॉ नावाची बाई सूत काढायचं काम करायची. लहान वयात कामाला लागलेली. १९२४ मध्ये ती वारली, वय ३३. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसाची तपासणी केली, तेव्हा त्यात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. पुढे १९२७ मध्ये त्यांनीच या आजारासाठी ॲस्बेस्टॉसिस हे नाव वापरलं. कंपनीनं नुकसानभरपाई नाकारली. तिला पुरलं ती कबरही बिनखुणेची. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या तपासनिसांनी अहवाल दिला, १९३१ मध्ये नियम आले. म्हणजे १९३१ सालीच छापील कायद्यात ही गोष्ट होती की या धुळीनं माणूस मरतो. हे साल लक्षात ठेवा.

तोपर्यंत टर्नर ब्रदर्सचं टर्नर अँड न्यूऑल झालं होतं, आणि १९२० च्या दशकातच फेरोडोही त्याच समूहात आली होती. बूट बघून सुरू झालेली कंपनी आणि नेली केरशॉची कंपनी, एकाच घरात.

या धुळीचं वाईट हे की ती लगेच काही करत नाही. मिरचीचा ठसका लागतो तसं नाही. तंतू इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. श्वासातून फुप्फुसात खोल जातात आणि बाहेर येत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुस हळूहळू कडक होतं. दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी दम लागायला लागतो, किंवा कॅन्सर निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय.

आता आपल्याकडे या. मुंबईत, घाटकोपरला, टर्नर अँड न्यूऑलची भारतातली कंपनी होती: हिंदुस्तान फेरोडो. लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या त्या पट्ट्यात आज मॉल आणि टॉवर आहेत, पण एके काळी भोंगे वाजायचे. इथे ब्रेक लायनर बनायचे, ॲस्बेस्टॉसचे. कंपनीचं नाव पुढे हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. तिचे कारखाने आता पैठण आणि भंडाऱ्याला आहेत. पैठण वाचून मी थांबलोच. म्हणजे आपल्या नाथांचं, पैठणीचं पैठण, आमच्यापासून गोदावरीच्या वरच्या अंगाला, आणि ब्रेक लायनरच्या नकाशावरही ते आहे, हे मला माहीतच नव्हतं.

त्या काळात आपल्या रस्त्यांवर काय होतं आठवा, किंवा आजोबांना विचारा. राजदूत, येझदी, बजाजची चेतक, १९८५ नंतर हिरो होंडाची सीडी शंभर. सगळ्यांना ड्रम ब्रेक. ॲम्बेसेडर आणि ट्रक-बसही तशाच. त्यांचे लायनर कुठेतरी कुणीतरी बनवत होतं. खनिजाच्या गोण्या फोडणं, धागा मिसळणं, साच्यात दाबणं, मग घासून, भोकं पाडून नीट करणं. घासणं आणि भोकं पाडणं म्हणजे धूळ.

१९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं एक मोठा निकाल दिला. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरची याचिका होती. कोर्टानं म्हटलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. आजार सिद्ध झाला तर एक लाख रुपये भरपाई. चाळीस वर्षं का, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

पण 'आजार सिद्ध झाला तर' या शब्दांत सगळी मेख आहे. सिद्ध करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईतल्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या त्या कारखान्यातल्या १८१ कायम कामगारांच्या तपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. २२ टक्के लोकांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे चाळीसच्या आसपास माणसं. त्याच अभ्यासात त्यांनी लिहिलंय की भारतात अंदाजे एक लाख कामगार या धुळीच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेले तीससुद्धा नव्हते. एक कारण त्यांनी असं दिलंय की डॉक्टर मंडळी या आजाराला टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस म्हणून मोकळी होतात.

हे वाचलं आणि मला मामांचं वाक्य आठवलं. "राखंचा खोकला हाय."

मी डॉक्टर नाही. मामांना काय झालंय ते मला माहीत नाही, राखेचाच असेल. पण एवढं मात्र खरं की ज्या माणसानं तीस वर्षं ड्रम उघडून त्यात फुंकर मारलीय, त्याच्या पहिल्या वीस वर्षांत त्या ड्रममध्ये काय होतं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. कारखान्याला निदान कायदा होता. गॅरेजला तोही नाही, हजेरीपट नाही, निवृत्तीही नाही.

ड्रममध्ये हा प्रश्न जास्त का, तेही सांगतो. डिस्क उघडी असते, पॅड झिजला की धूळ रस्त्यावर उडून जाते. ड्रम बंद डबा. लायनर झिजून झालेली भुकटी महिनोन्‌महिने आतच साठते आणि मिस्त्री झाकण उघडतो तेव्हा एकदम सगळी त्याच्या तोंडासमोर. वर कॉम्प्रेसर.

डिस्क ब्रेकची कथा मोठी आहे, तिच्यावर वेगळा भाग करू. थोडक्यात: इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा तांब्याचे पॅड असल्यामुळे कानठळ्या बसायच्या. १९५३ ला ल मां च्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्कवाली जॅग्वार जिंकली आणि जगाला पटलं. १९६९ च्या होंडा सीबी ७५० नं ती मोटारसायकलवर आणली. आपल्याकडे १९९९ ची सीबीझी, २००१ ची पल्सर, यांच्यामागून पुढची डिस्क गावोगाव पोचली. कॉलेजच्या पोरांत तेव्हा 'डिस्कवाली' म्हणजे हुंड्यात मागायची गाडी, हे मोठ्या भावांना विचारा. आणि यात मराठवाडा नुसता गिऱ्हाईक नाही बरं का. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. दुचाक्यांच्या कंपन्यांना डिस्क ब्रेक बनवून देणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही वाळूजचीच कंपनी. सिरसाळ्याच्या गॅरेजमध्ये आलेली एखादी गाडी ब्रेकसकट मराठवाड्यातच जन्मलेली असू शकते.

मग ॲस्बेस्टॉस गेलं कसं? कोर्टकचेऱ्यांनी. इंग्लंड-अमेरिकेत आजारी कामगारांचे दावे इतके वाढले की टर्नर अँड न्यूऑलला विकत घेतलेली अमेरिकन कंपनी फेडरल-मोगल हिनं त्या ओझ्याखाली २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटननं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी आजही नाही, सिमेंटच्या पत्र्यांत ते येतंच. पण ब्रेकमध्ये मोठ्या कंपन्यांनी दुसरे धागे घेतले. त्यातला एक अरामिड, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये असतं ते केवलार त्याच कुळातलं. १९६५ मध्ये ड्युपाँटच्या स्टेफनी क्वोलेक या बाईंच्या प्रयोगशाळेतल्या कामातून ते आलं. त्यासोबत काचेचे धागे, पोलादाची लोकर, राळ, ग्राफाइट, रबर. पाकिटावर 'नॉन-ॲस्बेस्टॉस' किंवा 'ॲस्बेस्टॉस-फ्री' असं बारीक इंग्रजीत छापलेलं असतं ना, ते दोन शब्द तिथे यायला इतकी माणसं लागली.

आता मूळ प्रश्न. पॅड घ्यायचे कोणते? बोलताना मी इथे फार वेळ घेतला होता, लिहिताना आटोपतं घेतो.

पहिलं म्हणजे गाडीसोबत जो प्रकार आला तोच. तीन प्रकार ढोबळमानानं: ऑरगॅनिक, ज्यात वर सांगितलेले धागे आणि राळ असते, सेमी-मेटॅलिक, ज्यात धातू जास्त, आणि सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाब आणि उष्णता देऊन जोडलेली. सिंटर्ड ऐकायला भारी वाटतात. सत्तरच्या दशकात जपानी गाड्यांच्या स्टेनलेस डिस्क पावसात धरायच्याच नाहीत, त्यावर उपाय म्हणून ते पुढे आले, आणि मोठ्या, वेगवान गाड्यांना ते लागतातच. पण साध्या दीडशेच्या गाडीची डिस्क त्यासाठी बनवलेली नसेल तर पॅड टिकतील आणि डिस्क झिजेल, आणि डिस्क पॅडच्या कितीतरी पट महाग. यूट्यूबवर कुणी सांगितलं म्हणून टाकू नका.

दुसरं, काही पॅडच्या मागच्या पत्र्यावर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात. एफएफ, जीएफ, एचएच अशी. पहिलं अक्षर पॅड थंड असताना किती धरतो ते, दुसरं तापल्यावर. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी, जी पेक्षा एच. घाटासाठी दुसरं अक्षर बघायचं. पहिलं मोठं आणि दुसरं लहान असेल तर गावात मस्त धरेल आणि उतारावर तापला की ढिला पडेल. सगळ्या पॅडवर ही अक्षरं नसतात, असतील तर वाचा.

तिसरं, पाकीट. बनवणाऱ्याचं नाव, बॅच, कोणत्या गाडीला बसतो, एमआरपी, आणि ते दोन शब्द. मामांनी ठेवलेल्या 'साध्या' पाकिटावर एका धावत्या चित्त्याचं चित्र होतं आणि 'हेवी ड्युटी' असं लिहिलं होतं. बस. कुणी बनवलं, कुठे, कशापासून, काही नाही. त्यात ॲस्बेस्टॉस होतं असं मी म्हणत नाही. नाही असंही त्या पाकिटावर कुणी लिहिलं नव्हतं. किंमत ११० रुपये. दुसरं ३१०.

दोनशे रुपये. हसू नका, उचलीचे पैसे म्हणजे आधीच घेतलेलं कर्ज असतं. ते सहा महिने कोयता चालवून फेडायचं असतं. दादानं मला मोजून पैसे दिले होते. मी फोन केला. तो म्हणाला, "इतके दिवस साधंच टाकतोत की, काय झालं?" मी घाटाचं सांगितलं. ॲस्बेस्टॉसचं फोनवर काय सांगणार. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "वहिनी मागं बसती. टाक चांगलं." मागचे शू पण तसलेच घेतले.

मामा पॅड बसवत असताना मी त्यांना डिस्कवर कोरलेला आकडा दाखवला. प्रत्येक डिस्कवर कमीत कमी जाडी किती हवी ते बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. आमची डिस्क लोखंडावर घासून खरवडली होती, बोट फिरवलं की चरे लागत होते, पण जाडी अजून शिल्लक होती. महिनाभर आधी आलो असतो तर चरेही पडले नसते. पॅडवर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की बदलायचे, आवाजाची वाट बघायची नाही. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहायची, नाहीतर पहिल्याच वळणाला लिव्हर मोकळी जाते. आणि पहिले शंभर-दोनशे किलोमीटर हळू-हळू ब्रेक मारत पॅड डिस्कवर बसू द्यायचे. नवे पॅड टाकून थेट घाट नाही. दादाला हे सांगितलं, त्यानं दोन दिवस परळीच्या खेपा केल्या.

राहिली धूळ. मी मामांना घाटकोपरचं सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांच्या कामाला नावं ठेवतोय, थोडे रागावले. "तीस वर्सं झाली, मला शिकवतो का?" मी गप्प बसलो. खरं तर माझा सूरच चुकला होता. मग काही दिवसांनी परत गेलो तेव्हा फोनवर त्या अभ्यासातली माहिती मराठीत वाचून दाखवली, १८१ आणि २२ टक्के. पोरगं कान देऊन ऐकत होतं. त्यानं विचारलं, "पाण्यानं धुतलं तर?" बरोबर. जगभर तेच सांगतात. हवा मारायची नाही, फुंकायचं नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं किंवा साबणाच्या पाण्याचा फवारा मारून धुऊन घ्यायचं, आणि ते फडकं वाळवून झटकत बसायचं नाही. तोंडाला रुमाल बांधून या तंतूंना काही फरक पडत नाही, ते त्यातून सहज जातात. आणि नव्या पॅडची धूळही काही अबीर-गुलाल नाही. त्यातल्या तांब्यानं पाण्यातले जीव मरतात म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१० मध्ये ब्रेकमधलं तांबं कमी करायचा कायदा केला.

त्या गॅरेजमध्ये आता ड्रमखाली एक अर्धा कापलेला तेलाचा डबा असतो, त्यात पाणी आणि निरमा. पोरगं वापरतं. मामा गिऱ्हाईकांची गर्दी असली की अजून नळीच उचलतात, मी बघितलंय. छातीचा एक्स-रे काढायला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात चला म्हणून मी दोनदा म्हटलं. सीझन संपू दे म्हणाले. गॅरेजचा सीझन कधी संपतो, हे मला अजून कळलेलं नाही.

दादाची टोळी अजून फडातच आहे. ब्रेक लागतात म्हणाला. घाट उतरायचा अजून बाकी आहे.

एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी घाटकोपरच्या, किंवा दुसऱ्या कुठल्याही ब्रेक लायनरच्या कारखान्यात काम केलंय का? आजोबा, मामा, शेजारचे काका? तिथे काम कसं चालायचं, धूळ किती असायची, घरी कपडे कोण धुवायचं, एवढं त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून पाठवा. आवाज खराब असला तरी चालेल, मागे पंखा वाजला तरी चालेल. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. पुढचा भाग त्यांचाच ठेवायचा विचार आहे.